मयेच्या तळ्यावरचा लेख

मुनीराच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याला यंदा तीन वर्षं होतील.

गोव्यात, डिचोलीच्या बाजारात तिच्या वडिलांचं खिळे-पत्र्याचं दुकान. बोहरी कुटुंब. शाळेत असताना ती मी सांभाळत असलेल्या वाचनालयात रोज यायची. लग्नानंतर म्हापशाला गेली.

पत्रात होतं : "सर, इन्सिया सात वर्षांची झाली. मे महिन्यात सासूबाई तिला मुंबईला नेणार. आमच्यात या वयाच्या मुलींचा खतना करतात, नाजूक जागी कापतात. मलाही आईस्क्रीम देते सांगूनच नेलं होतं. इन्सियाचे बाबा तुमचा रविवारचा लेख चुकवत नाहीत. यावर एकदा लिहा. तुमचं ते ऐकतील."

मी कपाटातले वैद्यकीय ग्रंथ काढले. उपयोग काहीच नाही, इजा जन्मभराची. पण तो शब्द हातून कागदावर उतरेना. पत्नी कमलाक्षी म्हणाली, "दुसऱ्याच्या घरची गजाल ती. तुमकां कित्याक जाय?" नसत्या भानगडीत न पडायला मला तेवढंच हवं होतं. पत्र रूढींवरच्या एका जाड ग्रंथात ठेवून तो कपाटात लावला, आणि त्या रविवारी मयेच्या तळ्यावर लेख दिला. लोकांना आवडला.

गेल्या सोमवारी मुनीरा वाचनालयात आली. धाकटी जैनब खुर्च्यांमधून धावत होती. इन्सिया आईचा हात सोडीना. मी पेपरमिंट पुढं केलं.

"कोणी गोड दिलें तर ती घेना, सर," मुनीरा म्हणाली. "माझें पत्र मेळ्ळें ना तुमकां?"

"मिळालं होतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"आयतारा ह्यांणी पेपर उघडलो. तळ्याचो लेख. म्हाका म्हणाले, 'तुझ्या सरांना विचारलंस ना? वाईट असतं तर ते गप्प बसले असते?' मग म्हाका तोंडच उरलें ना."

जैनबला पुढच्या महिन्यात सातवं वर्ष पुरं होतंय.

"हिका हात लावूंक दिवची ना, असें सासूक सांगलां. आमच्याच बायका आता उघड बोलतात, सर. पण घरात मी एकटी."

ती गेल्यावर ग्रंथ काढला. पत्र होतं तसंच होतं. उत्तर मी तिच्या नवऱ्याला लिहिलं.

"मुर्तझाभाई, तळ्यावर लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी भ्यालो. माझं गप्प बसणं म्हणजे होकार नव्हता, पण इन्सियासाठी तो होकारच ठरला. जैनबला नेऊ देऊ नका. हेच येत्या रविवारी माझ्या नावानं छापून येईल."

कमलाक्षीनं ते दोनदा वाचलं. "पाकीट हांगा हाडात," ती म्हणाली, "तिकेट हांव लायतां." आणि तिनंच त्यावर तिकीट चिकटवलं.

बाजारातल्या पेटीत मी ते टाकलं. आत पडल्याचा आवाज येईपर्यंत हललो नाही.