काहीच न मागणारे अण्णा

पुण्याहून मृणालिनीताई गायला येणार म्हटलं की आमच्या घरात महिनाभर आधीपासून लगीनघाई सुरू व्हायची. ब्रह्मा घाटावरच्या आम्हा मराठी लोकांच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ त्यांची असायची. मानधन त्या घेत नसत, काशीत हजेरी लावायची म्हणून यायच्या. मग चाहते ती कसर भेटींनी भरून काढायचे. कोणी शाल आणायचं, कोणी लाल पेढ्यांचा डबा, कोणी विश्वनाथाची तसबीर. गाणं संपलं की मंचामागच्या खोलीबाहेर रांग लागायची, आणि त्या रांगेत पहिला नंबर माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा. नीलकंठ शेवडे, निवृत्त संस्कृत मास्तर.

शाल देणाऱ्यांना अण्णा नाकं मुरडायचे. "शाली काय, त्या पुण्याला जाऊन वाटून टाकतात. भेट अशी पाहिजे की माणसाला जपून ठेवावीशी वाटली पाहिजे." मग वर्षभर त्यांचं डोकं त्यातच. एका वर्षी गुलाबी मीनाकारीची कर्णफुलं दिली. एका वर्षी ताईंच्या गळ्यासाठी ज्येष्ठमधाच्या काड्या स्वतः निवडून, धुऊन, गच्चीवर वाळवून दिल्या. माकडांपासून राखायला आईला आठवडाभर काठी घेऊन बसवलं होतं. आणि तीनदा दिल्या तानपुऱ्यांच्या गवसण्या. रामनगरच्या विणकराकडून किनखाप आणायचे अण्णा, शिवायचे मी. आतून फलालीनचं अस्तर. भोपळ्याच्या गोलाईवर गवसणी नीट बसवणं म्हणजे खायचं काम नाही. माझ्या बोटांची चाळण व्हायची आणि अण्णा शेजारी बसून म्हणायचे, "टाका बारीक घाल अवनी, ताईंची नजर फार तेज आहे."

मी कुरकुर केली नाही, कारण हे सगळं माझ्यासाठी चाललंय असं मी धरून चालले होते. मला ताईंकडे गाणं शिकायचं होतं. विसाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा ऐकलं, त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं आणि आईनं अण्णांना. अण्णा म्हणाले, "मी बोलतो. पण एकदम नाही. आधी ओळख वाढू दे. ज्या हातानं भेट दिली त्याच हातानं काही मागितलं तर ती भेट राहत नाही, सौदा होतो." तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं.

पहिल्या वर्षी ओळख वाढली. दुसऱ्या वर्षी अण्णा खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, "विषय काढलाय. पुढच्या वेळी ऐकते म्हणाल्या." पुढच्या वेळी ताईंचा घसा बसला होता. त्याच्या पुढच्या वेळी विमान लवकरचं होतं. मग महामारीत दोन वर्षं गेली. नंतर त्या आल्या तेव्हा अण्णांनी निरोप आणला, "मुलीला म्हणावं, वर्षभर नुसता खर्ज लाव. मधल्या सा च्या वर जायचं नाही."

आत फक्त अण्णाच जायचे. तिथे गर्दी केलेली ताईंना चालत नाही, असं त्यांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं. मी त्या निरोपावर वर्षभर रोज पहाटे खर्ज लावला. खालच्या मजल्यावरचे पांडेजी एकदा जिन्यात हात जोडून म्हणाले, "बिटिया, कभी कोई भजन भी गा दिया करो।" मी गायले नाही. ताईंचा शब्द होता ना. पुढच्या वर्षी निरोप आला, आणखी एक वर्ष खर्ज. तेही केलं.

अशात कबीरचौऱ्याच्या विश्वेश्वर पंडितजींनी मला शाळेच्या एका कार्यक्रमात ऐकलं. मी तिथे गाणं शिकवते, म्हणजे सकाळची प्रार्थना आणि पंधरा ऑगस्टची समूहगीतं. पंडितजी दुसऱ्याच दिवशी काठी टेकत आमच्या घरी आले. "शेवडेजी, लड़की को हमारे यहाँ भेजिए। गला अच्छा है, बैठे-बैठे खराब हो जाएगा।" अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि हात जोडून सांगितलं की हिचा गंडा पुण्याला बांधायचं ठरलंय. गंडा म्हणजे गुरू शिष्याच्या मनगटावर बांधतो तो धागा, आणि तो एकदाच बांधतात. पंडितजी माझ्याकडे बघत राहिले. मीही ताठ मानेनं म्हणाले, "जी, तय हो गया है।" ते दोन वर्षांनी गेले. त्यांच्याकडे शिकलेल्या दोघी आता रेडिओवर गातात. मधल्या काळात माझी दोन स्थळं आम्ही परत पाठवली, का, तर मी पुण्याला जाणार होते.

यंदा उत्सवाच्या आधीच कळलं की ताई आता प्रवास थांबवणार आहेत आणि ही त्यांची काशीतली शेवटची हजेरी. मला एकतीस पूर्ण झाली होती. मी अण्णांना सरळ म्हटलं, "यंदा मी आत येते तुमच्याबरोबर."

"बिलकुल नाही," अण्णा म्हणाले. "इतक्या वर्षांची माझी तपस्या आहे. एकदम जाऊन उभी राहिलीस तर सगळं पाण्यात. यंदा मी शब्द घेऊनच बाहेर येतो, बस."

आई भाजी चिरत होती. ती म्हणाली, "हमेशा असंच म्हणता तुम्ही."

"तू जरा चुप रहा पद्मा. तुला यातलं काय समजतं?"

आई गप्प बसली. मीही बसले. हे मला मान्य करायला हवं. इतक्या वर्षांत पाय माझेही धड होते. रांगेत उभं राहून स्वतः विचारायला मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. पण वडील बोलताहेत म्हटल्यावर मुलीनं मध्ये तोंड घालायचं नाही, या समजुतीला मी चांगलं वळण समजत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी अण्णांनी ठेवणीतला रेशमी कुडता घातला. भेट होती किनखापी शेला, काठावर ताईंचं नाव विणून घेतलेला. त्यासाठी ते आषाढात चारदा रामनगरला जाऊन आले होते. सभागृह गच्च भरलं होतं. आई आणि मी दुसऱ्या रांगेत होतो, अण्णा पहिल्या. ताई गायल्या, आणि काय सांगू, सत्तरीतही असं गायल्या की मी सगळा राग विसरले. त्यांच्या मागे दोन मुली तानपुरे घेऊन बसल्या होत्या, विशीतल्या. मधूनच ताई मागे वळायच्या, एखादीला खुणावायच्या आणि ती मुलगी सूर उचलायची. मी त्यांच्याकडे पाहत होते. तिथे बसायचं होतं मला.

मध्यंतरात सत्कार झाला. नारळ, शाल, मानपत्र. मानपत्र वाचणारे गृहस्थ थकल्यावर ताईंनी माईक हातात घेतला.

"काशीत आले की मी एका माणसाची वाट बघते," त्या म्हणाल्या. "गाणाऱ्याला भेटी देणारे पुष्कळ असतात. तुमचं प्रेम असतं, मी नाकारत नाही. पण बहुतेक भेटींच्या पाठोपाठ काहीतरी येतं. कोणाला सुनेचं गाणं ऐकवायचं असतं, कोणाला नातीला माझ्याकडे पाठवायचं असतं. त्यात चूक काही नाही. माझ्या मागे बसल्यात ना, यातल्या एकीचे वडील असेच पेरूची करंडी घेऊन आले होते." लोक हसले. "पण इथे एक शेवडे म्हणून आहेत. नऊ वेळा मी आले, नऊ वेळा त्यांनी मला भेट दिली. आणि नऊ वेळांत त्यांनी माझ्याकडे एका शब्दानं काही मागितलं नाही. नमस्कार करतात, भेट ठेवतात आणि निघून जातात."

टाळ्या झाल्या. मला आधी अर्थच लागला नाही. वाटलं, ताईंची काहीतरी गल्लत होतेय, वय झालंय त्यांचं. मग मी एकेक गोष्ट मागे जाऊन आठवत गेले. विमान, घसा, खर्ज. दोन वर्षं पहाटे उठून मी जो निरोप पाळला तो आमच्याच घरात तयार झाला होता.

"शेवडेसाहेब, वर या बघू," ताई म्हणाल्या. "मी पुन्हा येईन असं वाटत नाही. आज तुम्ही माझ्याकडे काहीतरी मागायचं. काहीही मागा. सगळ्यांसमक्ष सांगते, मी नाही म्हणणार नाही."

अण्णा वर गेले. पायऱ्या चढताना त्यांचा तोल गेला, कोणीतरी हात दिला. माईक त्यांच्यासमोर धरला. आई माझ्या शेजारी अर्धवट उठली आणि बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणाली, "अहो, बोला ना. अवनीचं बोला."

त्यांना ऐकू गेलं. मी शपथेवर सांगते, त्यांना ऐकू गेलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आधी आईकडे, मग माझ्याकडे. मी हात जोडले. माझ्याच वडिलांपुढे मी भरसभेत हात जोडून बसले होते. अण्णांनी भरलेल्या सभागृहावरून एकदा नजर फिरवली. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "काही नको ताई. तुम्ही गायलात, मी ऐकलं. भरून पावलो."

सभागृह उभं राहिलं. ताईंनी वाकून त्यांना नमस्कार केला.

घरी येताना गल्लीत माणसं अण्णांना थांबवून नमस्कार करत होती. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आई घरात शिरली आणि पान न वाढताच झोपायला गेली.

सकाळी ते चहाला बसले तेव्हा मी विचारलं, "अण्णा, खर्जाचा निरोप कोणाचा होता?"

"तुझ्या भल्याचाच होता."

"ताईंचा होता का?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "त्यांना विचारलं असतं तर त्याही हेच म्हणाल्या असत्या. खर्जाला कोण नाही म्हणेल?"

"मग विचारलं का नाही?"

"तू ऐकलंस ना काल?" ते अगदी मऊपणे म्हणाले, लहान मुलीला समजवावं तसं. "सगळे मागणारेच भेटले त्यांना. एकच माणूस होता न मागणारा. मीही तोंड उघडलं असतं तर मग माझ्यात आणि त्या पेरूवाल्यात फरक काय राहिला असता?"

"त्याची मुलगी ताईंच्या मागे बसली होती."

"हां, पण त्याचं नाव घेतलं का ताईंनी? नाही ना?"

मला वाटलं होतं ते खजील होतील, निदान चिडतील. त्यांच्या चेहऱ्यावर त्यातलं काही नव्हतं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "तो ग्रुपवर व्हिडिओ आलाय म्हणे कालचा. लाव जरा."

मी लावला. त्यांनी तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना ताईंच्या बरोबरीनं ओठ हलवत होते. मग म्हणाले, "ताईंना पाठव हा."

"नंबर कुठे आहे त्यांचा?"

अण्णांनी दहाच्या दहा आकडे तोंडपाठ सांगितले. कुठे बघितलं नाही की अडखळले नाहीत.

"हा नंबर कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतः दिला. पण मी एकदाही फोन केला नाही," अण्णा म्हणाले. हेही त्यांनी अभिमानानं सांगितलं.

मी व्हिडिओ पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं, 'आपण कोण?' मी लिहिलं, 'नमस्कार ताई. मी नीलकंठ शेवड्यांची मुलगी, अवनी. मी गाते.' फोन हातात धरून बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अण्णाही सरसावून बसले.

उत्तर आलं, 'अरे वा, त्यांना मुलगी आहे? कधी बोलले नाहीत. त्यांना माझा नमस्कार सांग.'

"काय म्हणाल्या?" अण्णांनी विचारलं.

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसून लावला, ओळ वाचली, पुन्हा एकदा वाचली. मान हलवली.

"नमस्कार सांगितलाय," ते आईला म्हणाले, आणि बोट सरकवून त्यांनी व्हिडिओ परत सुरुवातीपासून लावला.