ओतिलियाचं निळं हृदय

संत्र्यांच्या जुन्या शेडमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. लोक चर्चमधून थेट तिकडेच आले होते. घरून आणलेले बटाट्याचे टाको मांडीवर गार होत होते, पण सगळ्यांचे डोळे पडद्यावर खिळलेले. पडद्यावर माझ्या बहिणीची छाती दिसत होती, निखाऱ्यासारखी लालभडक.

"हे बघा ओतिलियाबाईंचं हृदय," प्रार्थनेनं बरं करतो म्हणत नुकतेच गावात आलेले ब्रदर एलिसेओ म्हणाले. "पंधरा वर्षांच्या साखरेनं पेटलंय. डॉक्टरांचं यंत्र रोग शोधतं, म्हणून त्याला रोगच सापडतो. माझं यंत्र बरेपणा शोधतं."

मग त्यांच्या मदतनीस बाईंनी ओतिलियाच्या हातात मंतरलेल्या पाण्याचा ग्लास दिला. तो छातीशी घट्ट धरून तिनं स्तोत्राची तीन कडवी म्हटली आणि पाणी प्यायली. पुन्हा फोटो काढला. लाल जाऊन तिथं शांत निळा रंग आला होता. माणसं रडू लागली. खरं सांगते, क्षणभर माझेही डोळे भरले.

ओतिलिया माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण रांधायची, आणि गाणं म्हटल्याशिवाय तिचं पीठ मळलं जायचं नाही. डॉक्टरांनी तिला गुरुवारी शहरात सीटी स्कॅनला बोलावलं होतं. हृदयाच्या नळ्यांत काही साचतंय का, ते बघायचं होतं.

"मला काही दुखत नाही ताई," ती म्हणायची. "दुखत नसताना दुखणं शोधायला कशाला जायचं?"

त्या रविवारी खुर्चीवरून उठायच्या आत ब्रदरांनी तिला सांगितलं, "बरं झाल्यावर पुन्हा तपासून घेणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. आता नवस बोला."

आमच्याकडे नवस ही चेष्टा नाही. माणसं तो फेडायला गुडघ्यांवर चालत जातात. ओतिलियाची लेक इदालिया गरोदर होती. आधीची दोन पोटातच गेलेली. ओतिलिया ग्वादालूपेच्या मातेला बोलली, "बाळ सुखरूप येऊ दे. वर्षभर मी डॉक्टरच्या यंत्राखाली जाणार नाही."

गुरुवार आला नि गेला.

डेल्फिना माझी धर्मकन्या, बाप्तिस्म्याला मीच तिला हातांत धरलेलं. दवाखान्यात हृदयाची सोनोग्राफी करायची. मी तिला सगळं सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "मावशी, पहिल्या फोटोआधी त्यांनी काय दिलं होतं हातात?"

मी आठवलं. "टॉवेल. प्रार्थनेच्या वेळी छातीवर धरायला. चांगला ऊन होता."

"आणि ग्लासात बर्फ होता?"

"होता की."

पुढच्या रविवारी डेल्फिना खुर्चीत बसली. टॉवेल तिनं घेतला नाही. फोटोत लाल काहीच येईना.

"श्रद्धा कमी पडतेय," ब्रदर म्हणाले.

"मग थोडी वाढवते." तिनं फडक्यातली मक्याची गरम टोर्टिया काढून झग्याच्या आत छातीवर धरली, शंभरपर्यंत मोजलं, काढली. पडद्यावर लाल गोल उमटला, भाकरीएवढा.

"ब्रदर, मला हृदयविकार झाला की टोर्टिया लागली?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. तिनं तीच टोर्टिया टेबलावर ठेवली, उचलली आणि कॅमेरा तिकडं वळवला. लाकडावर लाल चकती.

"टेबलालाही नवस बोलायला सांगा," म्हातारे मेलिटोन ओरडले. शेड हसून लोळली.

मग डेल्फिनानं समजावलं. हा कॅमेरा कातडीची ऊब तेवढी बघतो. घराचा पत्रा तापलाय की गार आहे हे सांगतो, आत कोण झोपलंय ते सांगत नाही. हृदयाच्या नळ्या खोल आत असतात. त्यांच्यात साचलेला चुना सीटी स्कॅनमध्ये पांढऱ्या ठिपक्यांसारखा दिसतो, कधीकधी त्रास सुरू व्हायच्या कितीतरी आधी. साखरेच्या माणसाच्या नसा बधिर होतात, म्हणून आतून धोक्याची हाक येईलच असं नाही. आतलं चित्र काढायचं ते त्यासाठी.

मंगळवारी ब्रदर आपल्या वायरी गुंडाळून गाव सोडून गेले.

मी आनंदानं ओतिलियाकडे धावले. ती टोमॅटो चिरत होती.

"ऐकलं मी. लबाडच होता मेला."

"मग स्कॅनची तारीख घेऊ?"

"नवस मी त्याला बोलले नाही ताई. मातेला बोललेय."

मी फादरना घेऊन आले. ते म्हणाले, "असा नवस देवाला नको असतो. मी तुला त्यातून मोकळं करतो."

"मला कराल फादर. बाळाला काही झालं तर त्यातून इदालियाला कोण मोकळं करेल?"

फादर उठून निघाले. मीही.

मे महिन्यात इदालियाला मुलगा झाला, गुटगुटीत. वाटलं, आता तरी. तर ती म्हणाली, "मातेनं शब्द पाळला. आता मी मोडू?"

कॅमेऱ्याची लबाडी दोन रविवारांत फुटली. दुसरी लबाडी मला फोडता आली नाही. त्या माणसानं तिच्या हातून तपासणीचं दार बंद करवलं होतं, आणि कडी तिच्याच मायेची होती.

वर्ष पुरं व्हायला सात आठवडे होते. शाळेच्या स्वयंपाकघरात ती पिठाच्या पोत्यावर टेकली. "जरा दमल्यासारखं झालंय," म्हणाली. छातीत दुखलं नाही. शेवटपर्यंत दुखलं नाही.

साखर मलाही आहे. पुढच्याच महिन्यात मी स्कॅन करून घेतला. कपडेही बदलावे लागले नाहीत. दोनदा श्वास रोखायचा, दहा मिनिटांत मोकळं. माझ्या नळ्यांतही पांढरे ठिपके निघाले. औषधं सुरू झाली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली, आणि दर वर्षी वाटतं की ही वर्षं माझी नव्हती, तिची होती.

तुम्हाला साखर असेल आणि डॉक्टर तपासायला सांगत असतील, तर दुखण्याची वाट बघू नका. आणि कुणी म्हणालं, बरे झालात, आता तपासू नका, तर त्याच दिवशी जा. एखाद्या बाईनं असा नवस बोललाच असेल, तर तिला कसं न्यायचं ते मला विचारू नका. मला जमलं नाही.