हातवाल्या काकांचा हातगुण

त्या संध्याकाळी शुश्रूषागृहाच्या मोठ्या खोलीच्या दारात इतकी गर्दी होती, की आत कुणी आजारी आहे की कुणाचा सत्कार आहे, हे कळायला मार्ग नव्हता. मुलगे, सुना, जावई, शेजारी, सगळे टाचा उंचावून आत बघत होते. माझी नणंदही बघत होती. मी मात्र माझ्या दीड वर्षाच्या लेकीने दाराच्या फटीत बोटं घालू नयेत म्हणून फटीकडे बघत होते.

"आले, आले!" कुणीतरी कुजबुजलं.

हातवाले काका आले. पांढरेशुभ्र कपडे, पाऊल वाजू न देणाऱ्या मऊ चपला, आणि आवाज असा की अंगाई म्हणणाऱ्या आईनं शिकवणी लावावी. ते थेट कोपऱ्यातल्या खाटेकडे गेले. तिथे एक म्हातारे गवंडी होते. त्यांचा आजार हाडांपर्यंत पोचला होता. दुपारभर ते तळमळत होते, असं त्यांची सून सगळ्यांना सांगत होती.

"वेदना म्हणजे काय?" काकांनी खाटेला नाही, दाराला विचारलं. "वेदना म्हणजे मिटलेली मूठ. डॉक्टर तिला औषधांनी ठोकतात. मी काहीच करत नाही. मी फक्त म्हणतो, सोड... सोड..."

त्यांनी कपाळावर तळवा ठेवला. गवंड्यांचा आवळलेला जबडा हळूहळू सैल झाला. खांदे उतरले. डोळे मिटले. दारातून एक मोठा सुस्कारा निघाला, आणि माझ्या नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघितलंस?" ताई म्हणाल्या. "हातगुण म्हणतात याला. बाबांना इथेच आणायचं."

बाबा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर शहर बसचे चालक. आता त्यांचं कंबरेचं हाड आतून पोखरलं गेलं होतं. हे बरं होणारं नाही, पण दुखू न देणं आपल्या हातात आहे, असं डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. अशा माणसांचे शेवटचे महिने सुखाचे जावेत म्हणून जी घरं असतात, त्यांतलं एक आम्ही शोधत होतो. माझ्याच्यानं घरी निभेना. बाबांना कुशीवर वळवताना लेक पायात यायची, आणि लेकीला उचलावं तर बाबा कण्हायचे.

"ताई, हातगुण असेलही," मी म्हटलं, "पण..."

"असेलही काय? आपली चिमणी माझ्याच कडेवर का शांत होते मग? तू तासभर नाचवतेस, आणि मी घेतली की गप्प!"

खरं कारण मला माहीत होतं. चिमणीला दाढांचा ताप असला की मी तिला औषध पाजते. पुढचा अर्धा तास ती घर डोक्यावर घेते. ताई पलीकडच्या गल्लीतून रडणं ऐकून येईपर्यंत औषध लागू पडलेलं असतं. पण नणंदेच्या हातगुणावर बोट ठेवायला माझ्याकडे तेव्हा ना धैर्य होतं, ना वेळ. कारण चिमणी माझ्या हातातून सुटून भिंतीलगतच्या ढकलगाडीशी पोचली होती, आणि एक रिकामा प्लास्टिकचा कप तोंडाकडे नेत होती.

मी किंचाळलेच. कप हिसकावला, तिची बोटं पुसली, तोंड उघडून जीभ बघितली. जीभ कोरडी होती. मग कप नाकाशी नेला. तळाशी चिकट ओघळ होता. वरून गोडसर, आतून कडवट वास. घरी बाबांच्या बाटलीचं झाकण उघडलं की येतो, तोच.

"काय आहे यात?" मी परिचारिकेला विचारलं.

"कडू पाणी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "काका यायच्या आधी तोंड ओलं करायला देतो सगळ्यांना."

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: औषधांच्या गुलामीशिवाय वेदनामुक्ती. मी तो कप रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. त्या पिशवीत ओले रुमाल, लंगोट, बिस्किटं असं सगळंच असतं; एक पुरावाही मावला.

घरी रणकंदन झालं.

"मॉर्फिन आहे ते, ताई. वेदनेचं औषध. डॉक्टरांनी बाबांना दिलंय तेच. दुखायची वाट न बघता, दर चार तासांनी द्यायचं."

"तेच तर! सवय लागेल त्याची. काकांकडे एका हातावर भागतं."

"अहो, त्या हाताच्या आधी कप असतो."

"वासावरून तुला कळलं? तुला तर घरात गॅसचा वास रोजच येतो."

हे खरं होतं, म्हणून माझा नवरा हसला. मी त्याच्याकडे बघितल्यावर थांबला.

बाबा पलंगावर उशांच्या गराड्यात टेकून ऐकत होते. "बस ताब्यात घेताना मी रंग बघत नसे," ते म्हणाले. "ब्रेक दाबून बघत असे. सूनबाई, जेव्हा कुणी तुझी वाट बघत नसेल, तेव्हा जाऊन ये."

म्हणून मी दुसऱ्या दिवशी भर दुपारी गेले. दारात गर्दी नव्हती. मोठी खोली कण्हत होती. एकच कुणी नाही, सगळी खोलीच. बोलावण्याच्या घंटीची बटणं खाटांच्या वर खिळ्यांना गुंडाळून टांगली होती. झोपलेल्या माणसाचा हात तिथवर जाणं शक्य नव्हतं. पाण्याचा पेलाही खिडकीत. मी तो आणून गवंड्यांच्या ओठांना लावला.

"खूप दुखतंय?"

"संध्याकाळपर्यंत काढायचं," ते दात आवळून म्हणाले. "काकांचा हात आला की थांबतं."

"आणि ते कडू पाणी?"

"ते होय? ते आपलं चूळ भरल्यासारखं. माझंच मन खंबीर नाही, पोरी. काका सांगतात, विश्वास पक्का असला तर दुपारीही दुखणार नाही."

दुखणं सोसायचं, वर दुखतं म्हणून अपराधीही वाटून घ्यायचं! मी पेला त्यांच्या हाताशी ठेवला, त्यांच्या घंटीचं बटण खिळ्यावरून काढलं आणि दाबलं. बराच वेळ उभी राहिले. कुणी आलं नाही.

घरी येऊन सांगितलं, तर ताईंचं आपलं एकच: "दुपारी काका नसतात ना, म्हणून!" त्यांचाही दोष नव्हता. वडिलांचं दुखणं बघवत नसलेल्या मुलीला चमत्कार हवाच असतो. पण त्या चमत्कारापायी बाबांचं चार तासांचं औषध बंद होणार होतं, आणि त्या कण्हणाऱ्या खोलीत आणखी एक आवाज वाढणार होता.

बाबांनीच तोडगा काढला. "मला घेऊन चला. माझं संध्याकाळचं औषध तेवढं थांबवून ठेवा. काकांच्या हाताने थांबलं, तर मी उद्या तिथे राहायला जातो."

"बाबा, तुम्हाला त्रास होईल," मी म्हटलं.

"होईलच. पण चाचणी दिल्याशिवाय परवाना मिळतो का कुणाला?"

चाकांच्या खुर्चीतून त्यांना खोलीत नेलं, तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. माझ्या पिशवीत बाटली होती, आणि माझा हात पिशवीत. इतर खाटांवर कप फिरून बराच वेळ झाला होता. दारात नेहमीची गर्दी. काका नवीन माणूस बघून खुलले.

"मूठ उघडायला आलात?"

"कंबर," बाबा म्हणाले. "मूठ ठीक आहे माझी."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. काकांनी तळवा कपाळावर ठेवला. "सोड... सोड..."

बाबांनी प्रामाणिकपणे डोळे मिटले. ताईंचे ओठ हलत होते.

"काय वाटतंय?" काकांनी विचारलं.

"मी केव्हाच सोडलंय हो. तेच मला सोडत नाही."

"मन शंकेखोर आहे," काका दाराकडे वळून म्हणाले. "बंद दारातून प्रकाश कसा येणार?"

"दार सताड उघडं आहे, पुन्हा बघा," बाबा म्हणाले. काकांनी पुन्हा हात ठेवला. मग दोन्ही हात ठेवले. बाबांनी खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरला होता, की बोटांची पेरं पांढरी पडली. आता ताईंनाच राहवलं नाही. "अगं, बघत काय बसलीस? दे ना त्यांना औषध!"

मी मापात औषध ओतलं आणि बाबांना पाजलं. सगळ्यांसमोर.

"आता जरा थांबूया," मी म्हटलं. गर्दीसमोर बोलायची मला सवय नाही. "फार नाही, अर्धा-पाऊण तास. काकाही थांबतील ना?"

काकांना अचानक दुसरीकडे बोलावणं असल्याचं आठवलं. पण दारात माणसं होती आणि माणसांना आता शेवट बघायचा होता. कुणी वाट देईना. मग काका स्टुलावर बसले. बिस्किटं फिरली. चिमणीने एक काकांना दिलं, थोडं चाखून.

हळूहळू बाबांची बोटं दांड्यावरून सुटली. श्वास लांब झाला. मी चिमणीला उचललं आणि तिचा तळहात त्यांच्या कपाळावर टेकवला. तिनं आधी सगळं बघून ठेवलं होतं. ती गंभीर चेहरा करून म्हणाली, "छोद... छोद..."

बाबांनी डोळे उघडले. "थांबलं हो!" ते म्हणाले. "नातीला हातगुण आहे. हिला पांढरे कपडे शिवा."

सगळी खोली हसली. गवंडीसुद्धा. मी पिशवीतून रुमालात गुंडाळलेला कप काढला आणि ढकलगाडीवरच्या कपांशेजारी ठेवला. "वास घेऊन बघा. हे कपही तसेच, आणि बाबांची ही बाटलीही तशीच. हात कुणाचाही चालतो. मात्र तो औषधानंतर अर्ध्या तासाने पडायला हवा."

परिचारिका इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. "मॉर्फिनच आहे ते," ती म्हणाली. "डॉक्टरांनी दर चार तासांनी लिहून दिलंय. इथे फक्त काकांच्या आधी देतात. दिवसभर दिलं, तर संध्याकाळी काकांसाठी दुखणं उरणार नाही, असं मला सांगितलंय."

हसू जिथल्या तिथे विरलं. गवंड्यांनी मान वळवली.

"म्हणजे," त्यांनी विचारलं, "मला दुपारीही मिळू शकतं?"

गवंड्यांच्या सुनेने उत्तर दिलं. ती खाटेशी गेली, सासऱ्यांचा हात धरला आणि मागे वळून म्हणाली, "आजपासून मिळेल. कोण देत नाही तेच बघते मी." मग एकेक करून सगळेच नातेवाईक डॉक्टरांचा फोन नंबर मागू लागले, आणि काकांना दार मोकळं झालं.

जाताना बाबांनी त्यांना हाक मारली. "अहो काका, हात उबदार आहे तुमचा, खरंच. बरं वाटतं. त्या हाताने दुपारी जरा पाणी पाजत चला."

रिक्षात ताई चिमणीकडे बघत म्हणाल्या, "एक विचारू? ही माझ्या कडेवर शांत होते, तेव्हा तू आधी..."

"अर्धा तास आधी, ताई."

"मेली!" त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या की चिमणीला, ते मी विचारलं नाही. पुढच्या तापाला मात्र त्या बरोबर अर्धा तास आधी येऊन बसल्या आणि ते सगळं रडणं त्यांनी एकटीनं काढलं.

चार दिवसांनी आम्ही दुसरं घर बघायला गेलो, तेही न सांगता, दुपारी. भिंतींचा रंग उडालेला, दारात कुणी नाही, वचनांच्या पाट्या नाहीत. ताई लगेच खाटांच्या चादरी उचलून बघू लागल्या, मी पाण्याचे पेले. तेवढ्यात चिमणीने एका रिकाम्या खाटेवरचं घंटीचं बटण दाबलं. हातावरचं पाणी पुसत एक परिचारिका धावत आली.

"माफ करा," मी म्हटलं, "पोरीने उगीच दाबलं."

"असू दे. वाजली की यायचंच असतं."

बाबा आता तिथे आहेत. आजार आहे तिथेच आहे. तो जाईल असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणत नाही म्हणूनच माझा त्या लोकांवर विश्वास बसला. औषध वेळेवर असतं, त्यामुळे चिमणी त्यांच्या मांडीवर बसू शकते. घरी असताना कित्येक आठवडे ती त्या मांडीजवळही गेली नव्हती.

तुमच्यावरही ही वेळ येईल, सगळ्यांवरच येते. तेव्हा कुणाच्या हातात काय जादू आहे हे विचारू नका. दुखण्याचं औषध कोणतं, किती वेळाने देता, आणि अवेळी दुखलं तर कोण येतं, एवढं विचारा. कुणी म्हणालं की तुमचा विश्वास कमी पडतो, तर आधी ढकलगाडीवरचे कप बघा. आपल्या माणसावर माया आहे म्हणून डोळे मिटून घ्यायचे नसतात, उलट तेव्हाच ते उघडे हवेत.

पहिल्या दिवशी मी बाबांना खाटेवर टेकवून विचारलं, "आवडलं का?"

बाबांनी छताकडे बघितलं, उडालेला रंग बघितला. मग हाताशी ठेवलेलं बटण चाचपलं.

"गाडी जुनी आहे," ते म्हणाले. "पण घंटी वाजवली की थांबते."