डाव्या बाजूची बॅच

"आली बघा, आनखी एक डाव्या बाजूची!" शांतम्मा खाटेवर पडल्या पडल्याच म्हणाली.

बुशरा चटकन खाटेला वळसा घालून उजवीकडे आली. तिचे कान तापले होते. रुग्णाला त्याच्या उजव्या बाजूला उभं राहून तपासायचं, हे तिला तोंडपाठ होतं. पण लॉकडाऊनच्या वर्षात सरांनी मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर घेतलेले व्हिडिओ आरशातल्यासारखे उलटे निघाले होते. वर्षभर सर डावीकडेच दिसले. त्यामुळे नांदेडच्या वॉर्डात आल्यावर अख्खी बॅच डावीकडेच जाऊन उभी राहू लागली.

शांतम्माची प्लीहा चांगलीच वाढलेली, म्हणून शिकाऊ डॉक्टरांची तिच्या खाटेशी रीघ असे. डाव्या बरगडीखाली तिची कड बोटांना लागायला हवी. बुशराला ती दोनदा सापडली नव्हती. आज तिसऱ्यांदा चुकली, तर या वॉर्डातलं पोस्टिंग पहिल्यापासून करावं लागणार होतं.

बाकीच्या मुली होस्टेलवर एकमेकींच्या पोटावर हात बसवत. बुशराला जोडीदारीण नव्हती. लातूरच्या एका खोलीत, अब्बांच्या शिलाई मशीनशेजारी बसून तिने वर्ष काढलं होतं, कॅमेरा कायम बंद ठेवून. कॉलेज उघडलं तेव्हा सगळ्यांचे घोळके आधीच जमलेले होते. बॅचमधला संगमेश्वर पहिल्याच दिवशी ओरडला होता, "अरे, स्क्रीनवरच्या गोल चकतीतली ती 'बी' म्हणजे तू होय!" सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

आत्ताही तो खाटेच्या पायथ्याशी मोबाइल घेऊन उभा होता. "थेअरी ऑनलाइनच ठेवा म्हणून अर्ज करून राहिलो आम्ही. दीडपट स्पीडनं लेक्चर उरकतंय. तुझं नाव टाकू का?"

"थांब जरा," बुशरा म्हणाली.

"फोनवर शिकून डाक्टर?" शांतम्माने मान उचलली.

"सगळं दिसतंय की आज्जी त्यात. आवाजबी येतो," संगमेश्वर म्हणाला.

"आवाज!" शांतम्मा छताकडे बघू लागली. "भूकंपात मी दिवसभर ढिगाऱ्याखाली व्हते. वर मानसं बोलून राहिली व्हती. धीर धर, हाय का, आलोच, असं. आवाज लई व्हता, बाबा."

"मग?"

"मग काय? सांजच्याला एक हात आला. कुनाचा, त्ये अजून ठाव न्हाई मला."

संगमेश्वरने मोबाइल खिशात टाकला.

"दाब गं," शांतम्मा बुशराला म्हणाली. "चोरावानी नको. मी काय फुटत न्हाई."

बुशराने तळवे एकमेकांवर घासून गरम केले. डावा हात तिने बरगड्यांमागे घातला. उजवा पोटावर सपाट ठेवून ती हळूहळू वर सरकवत नेऊ लागली. "आज्जी, लांब श्वास घ्या." काही नाही. थोडं वर. "पुन्हा घ्या." आणि श्वासासोबत काहीतरी घट्ट, गुळगुळीत खाली आलं, तिच्या बोटांना टेकलं आणि परत गेलं.

"सापडली?" शेजारच्या खाटेवरून सरांनी विचारलं.

"हो सर. बरगडीखाली चार बोटं."

सरांनी येऊन स्वतः दाबून पाहिलं, "बरोबर," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे निघाले. संगमेश्वर आणि बाकीचे त्यांच्यामागे गेले.

बुशराने पुन्हा पोटावर हात ठेवला. शोधायचं काही उरलं नव्हतं. शांतम्माला ते कळलं असावं. तरी डोळे मिटून तिने आणखी एक लांब श्वास घेतला.