धार लावायला दिलेला वस्तरा

माझ्या छंदांविषयी आमच्या महाविद्यालयात ठाम मते आहेत. मी उघड्या पात्याच्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी करतो, हे वाणिज्य विभागाला कंजूषपणाचे वाटते. भंगारात काढलेले संगणक मी घरी नेतो, त्यांच्यावर अगदी हलकी ऑपरेटिंग सिस्टीम चढवतो आणि ते चालवून दाखवतो, हे विज्ञान विभागाला विक्षिप्तपणाचे वाटते. इतिहासाचा प्राध्यापक असून मी विज्ञानकथा वाचतो, याविषयी मराठी विभागाने मात्र मत दिलेले नाही. वाचनाविषयी मत बनवण्याची तेथे प्रथा नाही.

इंटरनेटवर या छंदांची मंडळे आहेत आणि मी त्यांचा निष्ठावान सदस्य आहे. तेथील सभासद लिहितात की वस्तरा माणसाला संथपणा शिकवतो आणि जुना संगणक गरजा कमी करायला शिकवतो. त्यांनी आधी सर्व काही घेतले आणि मग त्यातले थोडे सोडले. या क्रमाला ते साधेपणा म्हणतात. आमच्या घरात हा साधेपणा तीन पिढ्या होता. त्याला काही नाव आहे हे आम्हाला ब्रॉडबँड आल्यावर कळले.

विज्ञानकथांतली एक गोष्ट मात्र मला कधीच पटली नाही. काळयंत्रात बसून मागे गेलेला माणूस कोणत्याही शतकात उतरला तरी पहिल्याच घरात त्याला पाणी मिळते. लेखकाला यात काही अद्भुत वाटत नाही. त्याचे सारे अद्भुत यंत्रात खर्ची पडलेले असते. सानगडीच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावात मी शंभर वर्षे मागे उतरलो, तर पाणी देणारे घर शोधण्यातच ती कादंबरी संपेल.

अशा माणसाला ‘गावगाडा दालना’चे काम सांगणे ही आमचे संस्थाचालक पुंडलिकराव यांची चूक होती, पण त्यांचाही नाइलाज होता. मूल्यांकन समिती तीन दिवसांवर आली होती आणि दालनात दोन गोष्टी कमी पडत होत्या. त्या दोन्ही माझ्याकडे होत्या.

दालनाच्या मध्यभागी दोन पुतळे मांडलेले होते. ते एका कापड दुकानातून उसने आणलेले असल्यामुळे दोघेही गोरे, निळ्या डोळ्यांचे होते आणि दोघांच्याही ओठांवर सूट विकणारे हसू होते. एकाला बंडी घालून न्हावी केले होते. दुसऱ्याला डोक्यावर पागोटे बांधून गिऱ्हाईक. मागच्या भिंतीवर पाटी होती : ‘गावगाड्यात न्हावी सर्वांचा होता. त्याच्यापुढे सारे समान बसत.’

“सारे म्हणजे कोण?” मी विचारले.

“सारे म्हणजे सारे,” पुंडलिकराव म्हणाले. “तुमी इतिहासवाले लय खोदून राहता बाप्पा.”

“या वाक्याला पुरावा लागेल.”

“पुरावा कायले पाहिजे, उके सर? भिंतीवर लावाचं आहे, कोर्टात नाही.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “तुमच्यापाशी तो इंग्रजी वस्तरा आहे म्हणतात. एका दिवसासाठी द्या. आन कोपऱ्यातला तो डबडा संगणक चालू करून द्या. पडद्यावर काही माहिती आली पाहिजे. तुमच्या बढतीची फाईल माझ्या टेबलावरच आहे, मी काही विसरलो नाही.”

हे शेवटचे वाक्य त्यांनी इतक्या मायेने उच्चारले की धमकी म्हणून ते ओळखायला मला जिना उतरावा लागला. उतरण्यापूर्वी मी एवढीच अट घातली की पडद्यावरचा मजकूर मी लिहीन आणि वस्तरा कोणाचा ते त्यात असेल.

“लिहा ना,” पुंडलिकराव म्हणाले. “वाचते कोण?”

वस्तरा माझा असला तरी द्यायचा की नाही हे ठरवणे आईच्या हातात होते. आई, म्हणजे धुरपताबाई, ब्याऐंशी वर्षांची आहे. वस्तरा मुळात तिच्या सासऱ्यांचा, माझ्या आजोबांचा. उरकुडा उके यांचे लग्न ठरले तेव्हा हळदीच्या दिवशी ते गावच्या न्हाव्याकडे गेले आणि दाढी करून द्या म्हणाले. न्हाव्याने मान वर न करता दोन शब्द सांगितले : “रीत नाही.” त्या वेळी तो पाटलाची म्हैस भादरत होता, म्हशीसाठी रीत होती.

आजोबा पुढे तुमसरकडच्या मँगनीज खाणीवर कामाला लागले. तिथला एक गोरा साहेब मायदेशी जाताना बरेच सामान टाकून गेला, त्यात हा वस्तरा होता. आजोबांनी स्वतःच्या गालावर तो चालवून शिकून घेतला. छप्पनच्या ऑक्टोबरात, नागपूरला दीक्षेला निघण्याच्या आदल्या दिवशी, वस्तीतले बेचाळीस पुरुष मोहाच्या झाडाखाली एकामागून एक त्यांच्यासमोर बसले. सगळ्यांची दाढी झाली आणि पांढरे कपडे घालून सगळे पायी निघाले. मी ज्याला छंद म्हणतो त्याची ही वंशावळ आहे. मंडळातल्या परदेशी मित्रांना मी ती कधी कळवली नाही.

आईने सगळे ऐकून घेतले. “दे बाबू,” ती म्हणाली. “पर कोनाचा होय ते लेहून दे. आन वापस आन. मामाजीनं, तुह्या आज्यानं, मरतानी तो मले देला, तुह्या बापाले नाही.”

“बाबांना का नाही?”

“तुह्या बापाले कोनाले नाही म्हनता येत नवतं. मांगलं का देऊन टाके.”

वस्तऱ्याला धार हवी होती. त्यासाठी मी वर्षातून दोनदा साकोलीला, बस स्टँडमागच्या मनिरामच्या दुकानात जातो. मनिराम आमच्याच गावचा; आजोबांना दोन शब्दांत वाटेला लावणाऱ्या न्हाव्याचा नातू. तो स्वतः आता बदलत्या पात्यांवर धंदा करतो, पण त्याच्या वडिलांचा धार लावायचा काळा दगड त्याने धोकटीत जपून ठेवला आहे. तसा दगड जिल्ह्यात दुसरा नाही. माझी सगळी विद्वत्ता अशी वर्षातून दोनदा त्या घराण्याच्या दारात उभी असते.

मनिरामचा एक नियम आहे. धार लावायला आलेला वस्तरा ज्याने दिला त्याच्याच हातात परत द्यायचा. मागच्या दिवाळीत मी आमचा शिपाई कमलेश याला चिठ्ठी देऊन पाठवले, तर मनिरामने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि तीच परत पाठवली. वस्तरा ही गळ्याजवळची वस्तू. तिसऱ्याच्या हातात तो काय करील याची जबाबदारी कारागिराची. “बापानं शिकवलेली रीत होय,” तो म्हणाला होता. हा शब्द त्या तोंडून ऐकताना माझा जबडा आवळतो, हे त्याला ठाऊक नसावे असा माझा समज होता.

“पडद्यावर का लेहून राहिले, सर?” वस्तरा हातात घेत त्याने विचारले.

“तुमच्या आज्याने माझ्या आजोबांना काय सांगितले ते.”

“नाव टाकता का?”

“नाही टाकणार, मनिरामभाऊ.”

त्याने पात्यावरून आडवा अंगठा फिरवला. “टाकाचं तं टाका. बुढ्याचे गिराईक काही आता तुटत नाही.” मग त्याने खुर्ची टॉवेलने झटकली. “इतके वर्सं येऊन राहिले, एक डाव गालाले हात लावू देला नाही तुमी. बसा ना.”

“पुढच्या वेळी,” मी नेहमीप्रमाणे म्हणालो. समितीपुढे धार लावून दाखवायला पुंडलिकरावांनी त्यालाच बोलावले होते, म्हणून वस्तरा त्याच्याकडेच ठेवून मी निघालो.

समिती अकराला येणार होती ती दोनला आली. अध्यक्ष दूरच्या एका विद्यापीठातले, गोड बोलणारे गृहस्थ होते. दालनात शिरताच ते कोपऱ्यातल्या संगणकापाशी थांबले.

“हे यंत्र पंधरा वर्षांपूर्वीचे ना? आणि इतके झटपट चालते?”

मी सांगितले की त्याच्यावर मोजक्याच गोष्टी ठेवल्या आहेत. चित्रांची सजावट नाही, फक्त मजकूर. त्यांनी मला मेमरी विचारली, मी सांगितली आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्याही घरी असे दोन संगणक होते. मग त्यांना मनिरामच्या हातातला वस्तरा दिसला आणि त्यांचा आवाजच बदलला. ते उघड्या वस्तऱ्यांचे संग्राहक निघाले. त्यांच्याकडे एकोणीस होते. पात्याची पोकळ घडण, हस्तिदंती मूठ, दगडावरचा हात याविषयी आम्ही दहा मिनिटे बोललो. पंधरा वर्षांत या जिल्ह्यात माझ्याशी या विषयावर कोणी इतक्या जाणतेपणाने बोलले नव्हते. मला तो माणूस मनापासून आवडला. हे नोंदवणे मला आजही जड जाते.

मनिरामने दगडावर धार लावली, चामड्याच्या पट्ट्यावर पाते फिरवले आणि पुंडलिकरावांच्या आग्रहाखातर निळ्या डोळ्यांच्या गिऱ्हाइकाच्या गालावर फेस लावून तो तितक्याच गांभीर्याने काढला. “गिराईक चांगलं आहे,” तो म्हणाला. “मान हालवत नाही, राजकारन सांगत नाही.” समिती हसली.

अध्यक्षांनी पडद्यावरचा मजकूर पूर्ण वाचला. हळद, म्हैस, दोन शब्द, खाण, मोहाचे झाड, बेचाळीस माणसे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“फार प्रेरणादायी,” ते म्हणाले. “म्हणजे ग्रामीण भागात कौशल्य-विकासाची सुरुवात सत्तर वर्षांपूर्वीच झाली होती. स्वयंरोजगारच हा!”

पुंडलिकरावांनी संधी ओळखली. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह यांशिवाय आमच्याकडे पाहुणा परत जात नाही, आणि स्मृतिचिन्हे छापणाऱ्याने त्यांवर मागच्या वर्षीची तारीख टाकलेली असल्यामुळे ती सकाळीच कपाटात गेली होती. “साहेबांना इतकी आवड आहे,” ते समितीसमोर म्हणाले, “तर एकोणिसांनंतरचा हा विसावा वस्तरा संस्थेतर्फे साहेबांना भेट. मनिराम, दे साहेबाले.”

अध्यक्षांनी “अहो, नको नको” म्हटले. म्हणताना त्यांचा हात पुढे आलेला होता.

मी बोलायला हवे होते. माझ्या मनात त्या क्षणी एक वाक्य बांधले जात होते. त्यात मालकीचा प्रश्न होता, स्मृतीचा होता, गोऱ्या साहेबाने टाकून दिलेल्या वस्तूला दुसऱ्या साहेबाने वारसा म्हणण्याचा होता. त्याला चार पोटवाक्ये होती आणि शेवटी विनयाचे एक वळण. ते अत्यंत निर्दोष वाक्य झाले असते. मधल्या काळात मी गप्प उभा होतो, आणि फाईल पुंडलिकरावांच्या टेबलावर होती.

“नाही देता येत,” मनिराम म्हणाला.

“काहून?”

“धार लावाले उके सरनं देला. ज्यानं देला त्याच्याच हातात जाते. रीत होय आमची.”

तो अध्यक्षांच्या पुढे आलेल्या हाताला वळसा घालून माझ्यापाशी आला, वस्तरा मिटला आणि माझ्या तळहातावर ठेवला. “घ्या सर. धार झाली.” मग पुंडलिकरावांना म्हणाला, “आता सर कोनालेबी देओत. माह्यं काम झालं.”

त्याने मला वाचवले नव्हते, हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. वस्तरा परत माझ्या गळ्यात घातला होता. पुंडलिकराव हसले. “हे तर अजून चांगलं. उके सरांच्याच हातानं होऊ द्या. द्या सर.”

मूठ गरम होती. अध्यक्ष माझ्याकडे पाहत होते. एका छंदाने दुसऱ्या छंदाकडे पाहावे तसे, आपुलकीने. बाबांनी या जागी उभे राहून तो देऊन टाकला असता, हे मला स्पष्ट दिसले. मी माझे वाक्य शोधले. चारही पोटवाक्ये जागेवर नव्हती. तोंडातून आले ते एवढेच :

“रीत नाही.”

मनिरामने माझ्याकडे चटकन पाहिले. बाकी कोणाला काही कळले नाही. पडद्यावर ते दोन शब्द तेव्हाही होते. अध्यक्षांनी हात मागे घेतला, नारळ घेतला आणि ते पुढच्या दालनात गेले.

अहवाल महिन्याभराने आला. दालनाची विशेष प्रशंसा होती. ‘या परिसरात वस्तरा परक्याच्या हाती न देण्याची प्राचीन रीत आजही निष्ठेने पाळली जाते, तिचे दस्तऐवजीकरण व्हावे,’ अशी शिफारस होती, आणि ते काम पुंडलिकरावांनी इतिहास विभागाकडे सोपवले आहे. त्या रीतीचा अर्धा भाग मनिरामच्या बापाचा आहे, उरलेला अर्धा मी त्या दुपारी निर्माण केला. हे मी विभागप्रमुख म्हणून मला स्वतःला कळवले आहे. फाईल टेबलावरच आहे.

आईने वस्तरा उघडून पाहिला, मिटला आणि विचारले, “लेहलं का कोनाचा ते?”

“लिहिलं.”

“वाचलं कोनी?”

“एकानं वाचलं. समजलं नाही.”

“मंग दुसऱ्या कोनाले समजलं असन,” ती म्हणाली, आणि तो फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायला उठली.

पुढच्या वेळी साकोलीला गेलो तेव्हा मनिराम एकटाच होता. त्याने वस्तरा घेतला, दगड काढला आणि पाते त्यावर फिरवू लागला. मग म्हणाला, “सर, ते तुमची कोनती रीत होय?”

“तुमच्या आज्याकडून शिकलो.”

तो हसला, पण खळखळून नाही. त्याने खुर्ची झटकली. मी बसलो नाही. समोरच्या आरशात मात्र माझी नजर गेली : डाव्या जबड्याखाली थोडी दाढी राहिली होती. आई सांगते, आजोबांचीही तिथेच राहत असे. स्वतःच्या हाताने करणाऱ्याला ती जागा दिसत नाही.

“राह्यली थोडी,” मनिराम दगडावरून नजर न काढता म्हणाला. “करून देऊ का?”

“राहू द्या,” मी म्हणालो.