जमिनीचा नकार

कोथरूडमधली आमच्या सोसायटीची इमारत पाडून नवी बांधायची, तर आधी खालची जमीन तपासायला हवी. म्हणून पार्किंगमध्ये लोखंडी तिपाई उभी राहिली आणि जमिनीत रोवलेल्या दांड्यावर घण पडू लागला. शनिवारी दुपारी दांडा काही केल्या हलेना, तेव्हा वल्लरी नावाची तरुण इंजिनीयर फोनवर म्हणाली, "सर, रिफ्यूजल आलं!"

हे आमचे सेक्रेटरी श्रीधरपंत लिमये यांनी ऐकलं. सोसायटीच्या फळ्यावर इंग्रजी शब्द चढू द्यायचा नाही, हे त्यांचं व्रत. संध्याकाळी फळ्यावर खडूने आलं : 'जमिनीने नकार दिला आहे. उद्या मतदान.'

फळ्यापुढे घोळका जमला. "जमिनीला विचारलं कोणी?"

"शेजारच्या प्लॉटवर तर हो म्हणाली होती. आपल्यालाच बरी नाही म्हणते!"

हादरल्या त्या मंदाकिनीबाई साने. तिसरा मजला, गुडघे गेलेले, दिवाळीपासून खाली उतरलेल्या नाहीत. दूधसुद्धा गॅलरीतून पिशवी सोडून घेतात. नव्या इमारतीत लिफ्ट येणार, एवढीच त्यांची आशा.

रविवारी पार्किंगमध्येच सभा भरली. वल्लरीने समजावलं, "अहो काका, नकार दांड्याला आहे. तो पुढे जात नाही, म्हणजे खाली पक्का खडक. इमारतीला उत्तम!"

"म्हणजे नकार हाच होकार?"

"हो."

"हा खरा हो, की नाहीतला हो?"

श्रीधरपंतांनी चर्चा आटोपती घेतली. "ज्यांचा नकार असेल त्यांनी हात वर करा."

निम्मे हात वर झाले. त्यातले काही इमारत हवी म्हणून, काही नको म्हणून. उरलेल्यांनीही याच दोन कारणांसाठी हात खाली ठेवले होते. श्रीधरपंत मोजत राहिले.

"श्रीधरराव, थांबा तिथेच!" वरून आवाज आला. "मी येते."

आणि बाई खरंच निघाल्या. एकेक पायरी, कठडा धरून. सभा ताटकळली, चहा झाला, एकदोघे वर जाऊन "उचलू का?" विचारून बोलणी खाऊन आले. शेवटी बाई आल्या आणि समोरच्या लाकडी पेटीवर टेकल्या.

"आजी, त्यावर नको! दगडाचे नमुने आहेत त्यात."

"असू दे गं. नमुन्यांत बसायची सवय आहे मला, चाळीस वर्षांची." बाईंनी दम घेतला आणि सभेकडे वळल्या. "मला परत वर जायचंय. लिफ्ट कोणाकोणाला हवी?"

सगळे हात वर गेले. शेवटचा श्रीधरपंतांचा. तो तसाच ठेवून त्यांनी वल्लरीला हळूच विचारलं, "याला होकारच धरायचा ना?"