दोरीमागचा बाक

बसा मित्रांनो, खुशाल बसा. मी एक जुना बाक आहे, आणि समोर कुणी उभे राहिले की मला अजूनही चैन पडत नाही.

माझा जन्म परक्या राजवटीतला. ही समोर एका खोलीची शाळा दिसते ना, तिच्यासाठी सुताराने मला सागवानी फळीतून घडवले. खोली एक, गुरुजी एक आणि इयत्ता चार. एका कोपऱ्यात पाढे, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात कुणीतरी अंगठे धरून उभे. माझ्यावर जागा चौघांची, पण बसायचे सहा. साहेब तपासणीला आला की सगळ्यांचे पाय लटपटायचे. माझा तर एक पाय मुळातच आखूड, त्यामुळे मी सर्वांत जास्त. मुलांनी माझ्यावर शाई सांडली, चाकूने नावे कोरली. पण रोज कुणीतरी मला पुसायचे, ओढायचे, उलटे करून झटकायचे. खरे सांगू? मला ते फार आवडायचे.

पुढे राजवट गेली, मोठी शाळा झाली आणि या खोलीला कुलूप लागले. बऱ्याच वर्षांनी काही हौशी मंडळींनी ते उघडले. "जशीच्या तशी जपायची," असे म्हणाले आणि आधी माझा आखूड पायच कापून टाकला! तिथे हलक्या लाकडाचा नवा पाय बसवला, वर चकचकीत रोगण चढवले आणि भोवती दोरी बांधली. राखणदार मला तळहाताच्या फोडासारखा जपू लागला. सहलीची मुले आली की ओरडायचा, "ए, हात नाही लावायचा!" मुले लांबून बघून निघून जायची. मी आतल्या आत तडफडायचो. अरे, बाक आहे मी, देव नव्हे!

त्यातच नव्या पायाला भुंगा लागला. रोज सकाळी माझ्याखाली बारीक भुसा पडलेला असायचा. राखणदार तो झाडताना मुलांच्या नावाने खडे फोडायचा, "काय खातात नि काय सांडतात, देव जाणे!" वाकून माझ्या पायाकडे बघावे, हे त्याला कधी सुचले नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा, अशी माझी गत झाली.

आणि नेमके तेव्हाच मंडळींनी ठरवले, की मुलांना बाकावर बसवून जुन्या काळासारखा तास घ्यायचा. ज्याची मी वर्षानुवर्षे वाट पाहिली, तेच आता मला नको झाले. दोरी सुटली. पहिल्याच सहलीची मुले माझ्याकडे धावली. नका रे बसू, एखाद्याचा हात मोडेल! पण बाकाचे कोण ऐकणार?

"थांबा!" त्यांच्या बाई म्हणाल्या. बाई अंगाने चांगल्या भरभक्कम होत्या. "आधी मी बसते. मला पेललं तर तुम्हाला पेलेल."

"खुशाल बसा, बाई," राखणदार छाती फुगवून म्हणाला. "मागच्याच महिन्यात रोगण मारलंय. लोखंड आहे लोखंड!"

बाई बसल्या. कडाड्‌! बाई आणि मी एकदमच जमिनीवर आलो. मग बाईच आधी हसल्या आणि कंबर चोळत म्हणाल्या, "मी पडले ते बरं झालं. तुमच्यातलं कुणी असतं तर?"

माझा जीव भांड्यात पडला. राखणदाराने मोडका पाय उचलला, तर त्यातून भुसा भुरभुरला. तो रडवेला झाला. "रोज झाडत होतो की हो मी हा!" मला त्याच्यावर रागावताच येईना.

माझी फळी शाबूत होती. राखणदाराने तिला चार दणकट पाय लावले आणि मला इथे अंगणात, नळाजवळ ठेवले. आता मुले माझ्यावर डबे खातात, भांडतात, नाचतातसुद्धा. राखणदार मला अधूनमधून उलटा करून प्रत्येक पाय ठोकून बघतो.

मित्रांनो, जपणे म्हणजे लांब ठेवणे नव्हे. ज्यावर जीव आहे ते वापरा, त्याला हात लावा. आत दोरीमागे आता माझ्यासारखाच दिसणारा नवा बाक ठेवला आहे. लोक त्याचेच फोटो काढतात. त्याला राखणदारानेही हात लावायचा नाही, अशी मंडळींची सक्त ताकीद आहे. तेवढे एक काम कराल? जाताना दोरीपाशी जरा वाका आणि त्याच्याखाली बघा. मला इथून दिसत नाही.